मंगळवारी लेणी बंद असतात

वेरूळ,
श्रावणातला मंगळवार

प्रिय मैत्रिणी,

आज मंगळवार, म्हणजे लेणी बंद. काल श्रावणी सोमवार होता. घृष्णेश्वराची रांग वळसे घेत पार रस्त्यापर्यंत आली होती. सदरे काढून खांद्यावर टाकलेले पुरुष, बेलाच्या टोपल्या, भिजलेल्या छत्र्या, गाड्यांचे कर्णे. आज सगळं एवढं सामसूम आहे की सीतेच्या न्हाणीवर कोसळणारं येळगंगेचं पाणी घरात बसून ऐकू येईल की काय असं वाटतं. म्हटलं, तुझ्या पत्राला उत्तर द्यायला याहून बरा दिवस मिळायचा नाही.

तुझ्या नातवाला शाळेत तक्ता दिलाय म्हणे. डावीकडे ग्रीक देव, उजवीकडे रोमन. झ्यूस म्हणजे ज्युपिटर, हेरा म्हणजे जूनो, एरीस म्हणजे मार्स, अफ्रोडाइटी म्हणजे व्हीनस, पोसायडन म्हणजे नेपच्यून. आणि तू मला विचारतेस, ‘हे आपल्या विठोबा म्हणजे विष्णू, खंडोबा म्हणजे शंकर असंच ना गं?’ वर दम, की वेरूळला राहतेस तर तुला हे यायलाच हवं. म्हणजे देवांच्या शेजारी राहणाऱ्याला देव कळतात, असा तुझा समज दिसतो. नेपल्सला राहून तुला इटालियन आलं का?

तक्ता पाठ करू दे त्याला, मार्क मिळतील. पण त्या तक्त्याचं मूळ कुठे आहे माहितेय? एका पंगतीत. इसवी सनापूर्वी २१७ मध्ये हॅनिबलने त्रासिमेनो तळ्याकाठी रोमन फौज कापून काढली आणि रोमची पाचावर धारण बसली. पोथ्या उघडल्या, आणि ठरलं की देवांना जेवू घालायचं. सहा मंचक मांडले आणि बारा देव जोडीजोडीने बसवले. आपण मेहूण जेवायला घालतो ना, तशी सहा मेहुणं! ज्युपिटर-जूनो, नेपच्यून-मिनर्व्हा, मार्स-व्हीनस, अपोलो-डायाना, व्हल्कन-व्हेस्टा, मर्क्युरी-सीरीस. बाराची टोळी ग्रीकांची, ताटं रोमनांची.

आता या जोड्या नीट बघ. ग्रीकांच्या कथेत पोसायडन आणि अथीना अथेन्स शहरावरून भांडले, इथे नेपच्यून-मिनर्व्हा होऊन ते एका मंचकावर. हेफेस्टस, म्हणजे रोमनांचा व्हल्कन, हा अफ्रोडाइटीचा लग्नाचा नवरा. त्याने बायकोला एरीसबरोबर जाळ्यात पकडलं आणि सगळ्या देवांना बोलावून दाखवलं. ओडिसीमध्ये हा प्रसंग अगदी चवीने सांगितलाय. रोमन पंगतीत मात्र मार्स आणि व्हीनस राजरोस शेजारीशेजारी, आणि बिचारा नवरा जन्माची कुमारिका असलेल्या व्हेस्टापाशी. ग्रीसमध्ये जे लफडं होतं ते रोममध्ये मेहूण झालं. का? कारण रोमचा मूळपुरुष रोम्युलस हा मार्सचा मुलगा, आणि व्हीनस ही ट्रॉयहून आलेल्या ईनियसची आई. थोडक्यात, एक राष्ट्राचा बाप, दुसरी राष्ट्राची आजी. आजीच्या तरुणपणाच्या भानगडी घरात कोण काढतो?

मला या सगळ्यात मार्स फार आवडतो, आणि एरीस मुळीच नाही. एरीस हा नुसता रक्ताला चटावलेला. इलियडमध्ये एक साधा मर्त्य, डायोमीडीस, त्याला भाल्याने भोसकतो (अथीनाची मदत असते म्हणा), तेव्हा हा नऊदहा हजार माणसांएवढ्या आवाजात बोंबलतो आणि रडत बापाकडे जातो. बाप म्हणतो, सगळ्या देवांत मला तुझाच सर्वात तिटकारा आहे. असा हा देव! आणि तक्त्यात त्याच्यासमोर कोण, तर मार्स. रोमनांच्या जुन्या वर्षाचा पहिला महिना मार्सचा. थोरल्या केटोने शेतीवर पुस्तक लिहिलंय, त्यात शेतकऱ्याने डुक्कर, मेंढा आणि बैल शेताभोवती फिरवून मार्सची प्रार्थना कशी करायची ते दिलंय: रोगराई, नापिकी, वादळ दूर ठेव, गुराढोरांना आणि माणसांना सुखरूप ठेव. ही काय युद्धदेवाकडे मागायची गोष्ट आहे? हे तर आपल्या शिवारातलं मागणं आहे.

आणि गंमत ऐक. त्याच मार्सच्या ग्रहाला आपण मंगळ म्हणतो आणि मंगळाला आपल्या पुराणांनी पृथ्वीचा मुलगा ठरवलंय. भौम, भूमिपुत्र. कुणी कुणाची नक्कल केली नाही, तरी शेत राखणारा मार्स आणि मातीचा पोर मंगळ हे एकमेकांना ओळखतील, एरीसला दोघंही दारात उभं करायचे नाहीत.

वाराचा विषय निघालाच आहे तर सांगूनच टाकते, कारण सध्या श्रावण आहे आणि तुझ्या नातवाच्या तक्त्याचा तिसरा रकाना आपल्या घरातच लटकलेला आहे. सात ग्रहांचा आठवडा ही मूळची आपली वस्तू नव्हे. बाबिलोनचे ग्रह, इजिप्तमधल्या ग्रीक ज्योतिष्यांचं गणित आणि रोमनांचा व्यापार असं करत तो आला. दिवसाचे तास २४, ग्रह ७. प्रत्येक तासाचा एक धनी आणि पहिल्या तासाचा जो धनी तोच दिवसाचा. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असे ओळीने लाव. २४ला ७ने भागल्यावर ३ उरतात, म्हणून रोज तीन घरं पुढे जायचं. शनीनंतर रवी, रवीनंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ. झाला आठवडा! आपले ज्योतिषी या तासाला ‘होरा’ म्हणतात तो शब्दसुद्धा ग्रीकच. आपल्याकडे शिलालेखात वार पहिल्यांदा सापडतो तो मध्य प्रदेशात एरणच्या स्तंभावर, इसवी सन ४८४ मध्ये, आणि तो वार गुरुवार. तेव्हा वेरूळच्या पहिल्या लेण्यालाही छिन्नी लागली नव्हती.

आता आपल्या श्रावणाकडे बघ. आपल्या बायकांनी त्या सातही वारांचं काय करून टाकलं! चंद्राचा दिवस महादेवाला दिला, ते एक वेळ ठीक, चंद्र त्याच्या डोक्यावरच आहे. पण मंगळवार? रोमच्या युद्धदेवाच्या दिवशी आमच्या नव्या नवऱ्या मंगळागौर जागवतात, झिम्मा खेळतात, फुगड्या घालतात. आत्ता हे लिहितेय तर शेजारच्या घरात सूपं आपटायची तालीम चाललीय. शुक्रवार व्हीनसचा; आपल्याकडे त्या ग्रहाचा मालक कोण, तर एकाक्ष, रागीट, असुरांचे गुरू शुक्राचार्य. सौंदर्याच्या देवीच्या जागी झारीतला शुक्राचार्य! दशावतार लेण्यात त्रिविक्रमाचं शिल्प आहे ना, त्यापुढे उभं राहिलं की मला त्या झारीची आठवण येतेच. पण श्रावणी शुक्रवारची पूजा त्याची नाहीच, ती जिवतीची. लेकरं राखणारीची. म्हणजे पुन्हा ग्रीकांच्या अफ्रोडाइटीपेक्षा रोमनांच्या त्या आजीच्या जवळची. योगायोग आहे हा, मला माहितेय, पण योगायोगाने हसूच नये असं थोडंच आहे?

आणि तो जिवतीचा कागद आठवतो का? तुझ्या आईच्या देवघरात चिकटवलेला असायचा. वर नरसिंह, कालियामर्दन, मध्ये लेकरांनी वेढलेली जिवती, आणि खाली दोन गृहस्थ, एक हत्तीवर, एक वाघावर. ते बुध-बृहस्पती. तुझ्या तक्त्यात बघ, मर्क्युरी आणि ज्युपिटर! रोमच्या कॅपिटोल टेकडीवर ज्याच्या देवळात सेनापती विजयाची मिरवणूक घेऊन जायचे, त्या ज्युपिटरच्या ग्रहाचा धनी इथे वाघावर बसून दुर्वा-आघाड्याची वाट बघतोय. नातवाला हा कागद दाखव. त्याच्या बाईंना मात्र दाखवू नको, बाई गोंधळतील.

शनीची गोष्ट मात्र मला अजून नीट उलगडत नाही. ग्रीकांचा क्रोनॉस स्वतःची पोरं गिळणारा. रोमनांनी आपल्या सॅटर्नला त्याच्याशी जोडलं, पण वागवलं किती प्रेमाने! त्याच्या देवळात सरकारी तिजोरी, आणि डिसेंबरात त्याचा सण, ज्यात मालक गुलामांना वाढायचे. सुवर्णयुगाचा राजा तो. आणि आपल्याकडे त्याच ग्रहाचं नुसतं नाव काढलं तरी माणूस तेलाची बाटली शोधतो. साडेसाती, दुसरं काय.

हां, तक्त्यात नसलेल्या देवांबद्दल लिहायचं राहिलं. माझ्या मते खरे रोमन तिथेच सापडतात. दोन तोंडांचा जेनस, दाराचा आणि आरंभाचा देव, त्याच्या समोरचा ग्रीक रकाना कोराच राहतो. टर्मिनस हा शिवेवरचा दगड. फेब्रुवारीच्या २३ तारखेला दोन्ही बाजूंचे शेतकरी जमून त्याला हार घालत, नैवेद्य दाखवत. कॅपिटोलवर ज्युपिटरचं मोठं देऊळ बांधायचं ठरलं, तेव्हा तिथले बाकीचे देव मुकाट्याने हलले, हा पठ्ठ्या हलला नाही. शेवटी त्याच्याभोवती देऊळ बांधलं आणि त्याला उघडं आकाश हवं म्हणून छताला भोक ठेवलं. आपला शनिशिंगणापूरचा उघड्यावरचा शनी आठवला की नाही? बांधावरून भाऊबंदकी करणाऱ्या आमच्या मराठवाड्यात एखादं टर्मिनसचं ठाणं असतं तर निम्मे दिवाणी दावे मिटले असते.

रोबिगस तर तुला ऐकूनही माहीत नसेल. गव्हावरच्या तांबेऱ्याचा देव! एप्रिलच्या २५ तारखेला त्याला कुत्रा बळी द्यायचे, पीक लाल पडू नये म्हणून. दाराच्या फळीचा देव वेगळा, उंबऱ्याचा वेगळा, बिजागरीची देवी तिसरीच. संत ऑगस्टीनने यावरून खिल्ली उडवलीय की घराला दारवान एक माणूस पुरतो आणि यांना तीन देव लागतात. शिंगणापूरला घरांना दारंच नसायची, तिथे या तिघांवर उपासमारीची पाळी आली असती. घरात लारेस आणि पेनातेस. एक घर-शिवार राखणारे, दुसरे कोठीघराचे. छोट्या कोनाड्यात छोट्या मूर्ती, रोज जेवणातला घास. तू पॉम्पेईला घरांमधले कोनाडे पाहिलेस म्हणून लिहिलंयस, ते हेच. आपल्या देव्हाऱ्यातले टाक गं! कुलदैवताचा टाक, पितरांचा टाक. घर बदललं तर आधी डब्यात घालून ते न्यायचे. ईनियससुद्धा जळत्या ट्रॉयमधून बापाला खांद्यावर घेऊन निघाला तो घरचे देव सोबत घेऊनच.

या टाकांचं भाषांतर होत नाही, हे मला सांगायचंय. मोठ्या देवांचं होतं, कारण ते दरबारी असतात, त्यांना पोशाख बदलायची सवय असते. एक देव दुसराच आहे का हे बघायचं तर मी त्याचं नाव बघत नाही, त्याच्याकडे लोक काय मागतात ते बघते. म्हणून तुझ्या विठोबाच्या प्रश्नाला हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही. रा. चिं. ढेऱ्यांनी विठ्ठलावरच्या ग्रंथाच्या नावातच ‘महासमन्वय’ म्हटलंय, तोच शब्द बरोबर. तिथे गवळी-धनगरांचा देवही आहे, विष्णूही आहे, आणि कुणीच कुणाला पुसून टाकलेलं नाही. रकाने पाडले की असा देव फाटतो.

रोमनांना हे कळत होतं बरं का. शत्रूचं गाव घेण्याआधी ते त्या गावच्या देवाला आमंत्रण देत, आमच्याकडे या, इथल्यापेक्षा चांगलं ठेवू. इसवी सनापूर्वी ३९६ मध्ये व्हेई शहर पडलं, तेव्हा तिथल्या जूनोच्या मूर्तीला एका पोराने विचारलं, ‘काय गं, रोमला येतेस?’ आणि देवीने मान हलवली म्हणे. गावात आधीच एक जूनो होती, तरी हिला वेगळं देऊळ दिलं. एक नाव म्हणून एकच देवी, असा हिशेब नव्हता. पुढे इसवी सनापूर्वी २०४ मध्ये, हॅनिबलच्याच धास्तीने, आशिया मायनरहून त्यांनी थोरली आई आणली. ती आली काय रूपात? काळा दगड! हात ना पाय. सगळ्या रोममधल्या प्रतिष्ठित बायका तिला घ्यायला गेल्या. ग्रीक संगमरवराचं वेड लागलेल्या शहराने एका तांदळ्यापुढे मान झुकवली. मला हे वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आता माझ्या शेजाऱ्यांबद्दल. बत्तिसाव्या लेण्याला सगळे इंद्रसभा म्हणतात. वाटाड्याही सांगतो, हा वडाखाली हत्तीवर बसलेला इंद्र, ही सिंहावरची इंद्राणी. दोघंही ते नव्हेत. लेणं जैनांचं, तो यक्ष सर्वानुभूती, आणि ती आंब्याखाली बसलेली अंबिका. हत्ती दिसला की इंद्र, एवढंच. तू म्हणशील, चुकलं. मला तसं नुसतं चुकलं म्हणवत नाही. मूळचा आकाशबाप बघ. ऋग्वेदातला द्यौस पितर, ग्रीकांचा झ्यूस आणि रोमनांचा युपितेर, म्हणजेच ज्युपिटर, हे शब्द सख्खे चुलत. ग्रीसमध्ये तो राजा झाला, रोममध्ये साक्षात सरकार झाला, आणि आपल्याकडे ऋग्वेदातसुद्धा त्या बापड्याच्या एकट्याच्या वाट्याला एक सूक्त नाही. वीज आणि राज्य घेतलं इंद्राने, आणि इंद्रही पुढे दिक्पालांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मग ज्याचं राज्य गेलं त्या इंद्राला लोकांनी एका यक्षाचं बसतं घर दिलं, तर दिलं.

याहून गोड गोष्ट दहाव्या लेण्याची. आत बुद्ध बसलेला, मागे स्तूप, आणि वर छताला दगडात कोरलेल्या फासळ्या, थेट लाकडी वाशांसारख्या. ते छत बघून सुतार मंडळींनी ठरवलं की हे आपल्याच माणसाचं काम, हा विश्वकर्मा. पिढ्यान्पिढ्या ते त्याच्या दर्शनाला येत राहिले. उपदेशाच्या मुद्रेत बुद्धाने एका हाताचं बोट दुसऱ्या हाताने धरलंय ना, त्याचीही एक गोष्ट सांगतात: काम करताना विश्वकर्म्याच्या बोटाला लागलं, ते त्याने दाबून धरलंय. ज्याने आयुष्यभर वाकस आणि पटाशी चालवली त्यालाच ही गोष्ट सुचणार. मी वर्गात मुलांना बुद्ध असंच शिकवलं, ते बरोबरच होतं. पण त्या खांबांमधून जाताना एकदा एका म्हाताऱ्या सुताराला आपलं बोट दाबत हात जोडताना पाहिलं, तेव्हा दुरुस्त करायला गेले नाही.

आता तुझ्यावर एक काम सोपवते. आपल्या कोल्हापुरात, पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, १९४०च्या दशकात एक कांस्याची छोटी मूर्ती निघाली. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन! रोमन व्यापाराच्या काळात जहाजातून आला असणार. आज टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे, आणि त्याला पोसायडन म्हणतात. मी तरी त्याला नेपच्यून म्हणेन. कारण नेपच्यून समुद्राचा झाला तो ग्रीकांच्या संगतीने. मूळचा तो गोड्या पाण्याचा, ऐन उन्हाळ्यात झरे आटू नयेत म्हणून पुजायचा. पंचगंगेच्या काठाला तोच शोभतो.

त्याच वाटेने उलट गेलेली एक बाई तुझ्या गावात आहे. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या राखेतून निघालेली हस्तिदंताची बाई, वीतभराहून थोडी उंच, दोन्ही बाजूंना दोन दासी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने गाव गाडलं तेव्हा ती कुणा रोमन माणसाच्या घरात होती. सापडल्यावर तिला लक्ष्मी म्हटलं, आणि ते नाव चिकटलं. लक्ष्मी ती बहुधा नाही, यक्षी असावी; आरशाची मूठ किंवा एखाद्या फर्निचरचा पाय असंही म्हणतात. मात्र तिच्यासारखीच हस्तिदंती बाई आपल्या तेरला मिळालीय आणि १९७३च्या उत्खननात भोकरदनलाही. जालना जिल्ह्यातलं भोकरदन गं, जिथून आपल्या वर्गात दोघी मुली यायच्या! म्हणजे ती आपल्या मुलखातली असण्याची बरीच शक्यता आहे. तिच्या रोमन मालकाने तिला काय म्हटलं असेल? व्हीनसच म्हटलं असणार, दुसरं काय म्हणणार तो?

तर नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा, नातवालाही ने, आणि तिच्या दागिन्यांकडे नीट बघून ये. कंबरपट्टा, बांगड्या, पायातले वाळे, किती आणि कसे ते मला लिही. तिच्या पाटीवर काय नाव लिहिलंय तेही कळव.

आणि दिवाळीनंतर येणार आहेस ना? सीताफळं तोवर संपत आलेली असतील, पण दौलताबादच्या रस्त्यावर पेरू भरपूर मिळतील. विमानाचं तिकीट काढताना एवढं बघ, इथे पोचायचा दिवस मंगळवार धरू नको.

तुझी,
शेजारच्या बाकावरची